सॅली मॅन: काचेवरचे डाग मुद्दाम आणलेले की आपोआप आलेले? आणि मुलांच्या फोटोंचा वाद

अंधारखोली

नमस्कार मंडळी. कला महाविद्यालयातल्या फोटोग्राफीच्या वर्गापुढे अमेरिकन छायाचित्रकार सॅली मॅनवर पाऊण तास बोलायचं आहे. जोडीला वेट प्लेटचं (ओल्या लेपाच्या काचेवर फोटो काढण्याच्या जुन्या पद्धतीचं) छोटं प्रात्यक्षिक करायचा विचार आहे. वाचन बरंच झालंय, पण तीन ठिकाणी गाडी अडते.

'इमिजिएट फॅमिली' (१९९२) मधले तिच्या स्वतःच्या मुलांचे फोटो (काही विवस्त्र, वाद त्यावरूनच) घरच्या अल्बमसारखे सहज टिपलेले वाटतात, पण कॅमेरा तर ८×१० इंची फिल्मचा, अवजड. मग ते किती रचलेले? वादात या गोष्टीला काही वजन आहे का?

दुसरं, बहुतेक लेखांत 'वादाला कंटाळून ती निसर्गचित्रांकडे आणि कोलोडियनकडे (म्हणजे वेट प्लेटच्या लेपाकडे) वळली' असं एका वाक्यात उरकलेलं असतं. हे पटत नाही, पण खोडायचं कसं?

तिसरं, नंतरच्या कामातले डाग, रेघा, सुटलेला लेप हे नेमकं कशामुळे होतं? ती ते मुद्दाम करते का? आणि प्रात्यक्षिक मुंबईत, मे महिन्यात आहे. जमेल?

---

मॅटप्रिंट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्यातच आहे, म्हणून वर्गाला आधी कॅमेरा दाखवा.

८×१० व्ह्यू कॅमेऱ्यात मागच्या दुधी काचेवर प्रतिमा उलटी पडते, आणि ती बघायला काळ्या कापडाखाली डोकं घालावं लागतं. फोकस झाला की शटर बंद, अ‍ॅपर्चर खाली, शटर कॉक, मग फिल्म होल्डर आत, डार्क स्लाइड बाहेर, आणि मग केबल रिलीज. होल्डर आत गेल्यावर लेन्समधून काही दिसत नाही. फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या बाजूला उभा असतो. हात बसलेला असला तरी यात दहा-पंधरा सेकंद जातात. होल्डरमध्ये फिल्म दोनच, पुढचा फोटो म्हणजे तोच क्रम पुन्हा.

आता आकडे. ३०० मिमीची लेन्स, समोर दोन मीटरवर मूल. एफ/११ ला स्पष्ट दिसणारी खोली साधारण १६-१७ सेंमी, एफ/२२ ला त्याच्या दुप्पट. मूल वीतभर पुढे झुकलं की डोळे गेले. शिवाय संध्याकाळच्या सावलीत ४०० आयएसओची फिल्म धरली तरी एफ/२२ ला पाव सेकंदाच्या आसपास एक्स्पोजर लागतं, आणि एवढ्या जवळच्या फोटोत बेलोज ताणल्याचा अर्धा स्टॉप वेगळा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). म्हणजे हे फोटो मुलांच्या नकळत निघणं शक्य नव्हतं. मूल थांबायला तयार असेल तरच फोटो होणार. 'कँडी सिगारेट' (१९८९) मधली मुलगी आत्मविश्वासाने उभी आहे, हातातली गोळीची सिगारेट खऱ्यासारखी धरली आहे. तो क्षण सापडलेला नाही, उभा केलेला आहे.

या मालिकेच्या सुरुवातीचा १९८४ चा फोटो मात्र वेगळ्या कारणासाठी दाखवा. मुलीचा डोळा सुजलेला, चेहरा फुगलेला. कारण कीटकदंश. पण शीर्षक आहे 'डॅमेज्ड चाइल्ड', म्हणजे अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगच्या १९३६ च्या फोटोचंच. शीर्षक वाचलं की बघणाऱ्याच्या मनात मारहाण येते. फोटोतली वस्तुस्थिती आणि शीर्षकाने लावलेला अर्थ यांत तिने जाणूनबुजून फट ठेवली, आणि पुढचा वाद त्याच फटीतून शिरला.

वादाचा क्रम असा. १९९१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने तिच्या चार वर्षांच्या मुलीचा फोटो डोळ्यांवर आणि अंगावर काळ्या पट्ट्या मारून छापला. १९९२ मध्ये पुस्तक आलं, त्याच सप्टेंबरात न्यू यॉर्क टाइम्स मॅगझिनचा मोठा लेख आला आणि पत्रांचा पाऊस पडला. काळही तसाच होता. १९८९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीने छायाचित्रकार मेपलथॉर्पचं, लैंगिक फोटोंमुळे वादग्रस्त ठरलेलं प्रदर्शन रद्द केलं होतं, आणि तेच प्रदर्शन लावल्याबद्दल सिनसिनाटीच्या संग्रहालयावर १९९० मध्ये खटला चालून ते निर्दोष सुटलं होतं.

तुमच्या 'वजन आहे का' या प्रश्नाला माझं उत्तर: आहे, पण दोन्ही बाजूंनी. फोटो रचलेले आहेत म्हणजे मुलं त्यात सामील होती, चोरून काढल्याचा आरोप टिकत नाही. पण रचलेले आहेत म्हणजेच प्रत्येक निर्णय एका प्रौढ व्यक्तीचा होता. कोणते फोटो छापायचे नाहीत हे मुलांना विचारलं गेलं होतं. तरीही सात-आठ वर्षांचं मूल 'छापणं' म्हणजे काय हे किती ओळखतं, हा प्रश्न उरतोच. वर्गात तो झटकून टाकू नका.

---

हायपो

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. डाग कशाने येतात हे कळायला प्रक्रिया क्रमाने डोळ्यांपुढे हवी.

काच स्वच्छ करून त्यावर आयोडाइड-ब्रोमाइड मिसळलेलं कोलोडियन ओतायचं. ईथर-अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं नायट्रोसेल्युलोज, त्यात एक ते दीड टक्का क्षार. ४×५ काचेला ८-१० मिली पुरतं. मध्यभागी ओतून एकेक कोपऱ्याकडे न्यायचं आणि शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत. निथळताना काच डोलवत राहायची, नाहीतर रेघा बसतात. खालच्या कोपऱ्याला बोट लावून पाहायचं: ठसा उमटला पण बोटाला चिकटलं नाही की ९ टक्के सिल्व्हर नायट्रेटच्या बाथमध्ये ३ ते ४ मिनिटं. इथून पुढे लाल दिवा. बाहेर काढून मागची बाजू पुसून होल्डरमध्ये, एक्स्पोजर, आणि काच ओली असतानाच डेव्हलपर. आयर्न सल्फेट सुमारे ४ टक्के, ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि अल्कोहोल प्रत्येकी ५ टक्क्यांच्या आसपास. एका झटक्यात कडेने ओतायचा, १५-२० सेकंदांत भरपूर पाण्याने थांबवायचा. मग २० टक्के हायपोमध्ये (सोडियम थायोसल्फेट) फिक्सिंग, धुणं, वाळवणं, काच किंचित गरम करून सॅन्डारॅक आणि लॅव्हेंडर तेलाचं वॉर्निश.

आता दोष.

शेपटीवाला पांढरा किंवा काळा ठिपका, ज्याला धूमकेतू म्हणतात, तो धुळीचा किंवा न विरघळलेल्या कणाचा. शेपटी द्रव वाहिला त्या दिशेला. उपाय: कोलोडियन दोन दिवस बसू द्या आणि वरचंच ओता, बाथ गाळून घ्या.

कडांना शिंपल्यासारखे करडे-तपकिरी पट्टे दिसले तर होल्डरच्या कोपऱ्यांत जुनं सिल्व्हर साचलंय, किंवा काच वाळायला लागली होती. प्रत्येक काचेनंतर होल्डर पुसा.

सगळ्या प्रतिमेवर धुरकट पडदा आला तर आधी बाथ तपासा. आम्लता कमी झाली असेल तर नायट्रिक अ‍ॅसिड थेंबाथेंबाने घालून पीएच ४ च्या आसपास आणा. बाथ ठीक असेल तर डेव्हलपर कोमट झालाय किंवा जास्त वेळ ठेवलाय. तेही नसेल तर प्रकाश शिरतोय.

डेव्हलपर तेलकट पाण्यासारखा ओघळतो, पसरत नाही: बाथमध्ये काचांबरोबर अल्कोहोल साचत जातं, म्हणून डेव्हलपरमधलं अल्कोहोलही वाढवावं लागतं. हे न केल्याने लाटांच्या खुणा राहतात. ओतताना हात क्षणभर थबकला तरी तिथे रेघ येते.

लेप सुटणं: काच मळकी, कडा न घासलेल्या, किंवा लेप बसण्याआधीच बाथमध्ये बुडवली. काचेच्या कडांना ३ मिमी रुंद पट्टी अंड्याच्या पांढऱ्याची लावा (एक पांढरं, अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी, फेटून, रात्रभर ठेवून, गाळून).

वॉर्निश ओतताच चित्र वाहून गेलं तर वॉर्निशमधलं अल्कोहोल फार तीव्र आहे किंवा काच फार तापली. चार थेंब पाणी घालून आधी टाकाऊ काचेवर बघा.

मॅनच्या 'डीप साउथ' आणि 'बॅटलफील्ड्स' या नंतरच्या मालिकांमध्ये यातलं जवळपास सगळं सापडतं. त्याखेरीज कोपरे काळवंडणं आणि कडेला प्रतिमा विरघळणं हे रसायनाचं नाही. ती जुन्या, खराब झालेल्या लेन्स मुद्दाम वापरते आणि त्यांचं प्रतिमावर्तुळ ८×१० ला पुरत नाही. माझ्या मते तिचं तंत्र कच्चं नाही. तिला हे उत्तम जमणाऱ्यांनी, मार्क आणि फ्रान्स स्कली ऑस्टरमन यांनी, शिकवलंय. दोष येऊ दिले तर येतात आणि रोखले तर थांबतात, एवढं तिला नक्की ठाऊक आहे.

मे महिन्यातली मुंबई: ईथर ३४.६ अंशाला उकळतं. ३३ अंशाच्या खोलीत कोलोडियन ओतलंत तर वरचा कोपरा सुकतो तेव्हा खालचा अजून वाहतोय. म्हणून एसी २२-२४ अंशांवर, कोलोडियनची बाटली आधी गार, मिश्रणात ईथर कमी आणि अल्कोहोल जास्त. डेव्हलपर २० अंशांवर, त्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड थोडं वाढवून. बाटली उघडी राहून कोलोडियन एरंडेलाइतकं दाट झालं असेल तर ते ओतू नका, थोडं ईथर-अल्कोहोल घालून सारखं करा. बाथसाठी उभी टाकी नको, झाकणाचा आडवा ट्रे घ्या. ३०० मिलीला २७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटमध्ये भागतं. टाकीला त्याच्या तिप्पट लागेल आणि खर्चही.

सुरक्षेत सवलत नाही. ईथरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते. एक्झॉस्ट खाली हवा, आणि खोलीत ज्योत किंवा ठिणगी पडणारं काही नको. वॉर्निशसाठी स्पिरिटचा दिवा न वापरता हेअर ड्रायर वापरा, तोही दुसऱ्या खोलीत. सिल्व्हर नायट्रेट डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे गॉगल प्रत्येकाला. जुन्या पुस्तकांत फिक्सिंगला पोटॅशियम सायनाइड सांगतात. विद्यार्थ्यांच्या वर्गात त्याचं नावही नको. डेव्हलपर आम्ल आहे, आणि आम्ल व सायनाइड एकत्र आले की विषारी वायू होतो.

---

जुनीकाच

हायपो यांचं रसायन बिनचूक आहे. 'मुद्दाम' या शब्दावर मात्र मतभेद. ती लाटेची रेघ ठरवून ओढत नाही. रेघ येईल अशी परिस्थिती ठेवते, आणि आलेल्या काचांतून निवडते. तिचा खरा निर्णय निवडीत असतो. प्रात्यक्षिकात हे दाखवता येईल: पाच काचा करा, वर्गाला सगळ्यात स्वच्छ काच निवडायला सांगा, मग सगळ्यात जास्त वेळ बघावीशी वाटणारी. दोन्हींत फरक पडला तर त्यावरच चर्चा होऊ द्या.

आता दुसरा प्रश्न. 'वादापासून पळून गेली' हे तारखांत बसत नाही.

मॅनचं गाव लेक्झिंग्टन, व्हर्जिनिया. तिथे मायकेल मायली हा अमेरिकन यादवीनंतरचा छायाचित्रकार होऊन गेला, दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांचे फोटो काढणारा. त्याच्या हजारो काचेच्या निगेटिव्ह १९७० च्या दशकात वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठाच्या इमारतीत पडून होत्या, आणि तरुण सॅली मॅनने त्या हाताळल्या, छापल्या. उखडलेला लेप, बोटांचे ठसे, कडांचे डाग हे सगळं तिने तेव्हा पाहिलं. तिची मुलंही तेव्हा झाली नव्हती. म्हणजे ही ओढ वादाच्या कितीतरी आधीची.

दुसरा पुरावा खुद्द कौटुंबिक मालिकेत आहे. शेवटच्या काही फोटोंत मुलं लहान होत जातात, नदी आणि झाडं फ्रेम व्यापतात. पुढे 'मदर लँड' (१९९७), जॉर्जिया आणि व्हर्जिनियाची निसर्गचित्रं. यात कोलोडियन नाही. ऑर्थो फिल्म आणि जुन्या लेन्स आहेत. ऑर्थो लाल रंगाला आंधळी, कोलोडियन लाल-पिवळ्या दोन्हींना. आकाश पांढरं पडण्याची नजर ऑर्थोतच तयार झाली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिणेत फिरताना कोलोडियन आलं. या काळातले काही प्रिंट तिने चहाने टोन केले आहेत, पिवळटपणा तिथला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पळणारा माणूस पुढे टेनेसी विद्यापीठाच्या मानवशास्त्र केंद्रात, नॉक्सव्हिलला, उघड्यावर कुजणाऱ्या देहांचे फोटो काढायला जात नाही. 'व्हॉट रिमेन्स' (२००३) मध्ये ते फोटो आहेत, तिच्या मेलेल्या ग्रेहाउंडची हाडं-कातडी आहेत, तिच्या शेतात जिथे एका फरार कैद्याने जीव दिला ती जागा आहे, यादवीतली अँटिएटमची रणभूमी आहे, आणि शेवटी तिच्याच मोठ्या झालेल्या मुलांचे चेहरे, फक्त चेहरे, कोलोडियनवर. मुलं परत आली आहेत. संमतीचा प्रश्नही परत आला, फक्त आता मृतांचा: देहदान संशोधनासाठी होतं, कलेसाठी त्या माणसाने हो म्हटलं असतं का?

अँटिएटमवर थोडं थांबा, कारण तंत्र आणि विषय तिथे एकच आहेत. १७ सप्टेंबर १८६२ ला एका दिवसात सुमारे २३,००० माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. दोन दिवसांत छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनर तिथे पोचला आणि त्याने वेट प्लेटवरच प्रेतांचे फोटो काढले. ते त्याच ऑक्टोबरात न्यू यॉर्कला छायाचित्रकार ब्रेडीच्या गॅलरीत लागले. मॅन त्याच प्रक्रियेने रिकामं शेत काढते. शिवाय तिने हे प्रिंट डायटमी माती मिसळलेल्या वॉर्निशने लेपले आहेत, म्हणजे सूक्ष्म जलचरांच्या जीवाश्म कवचांची भुकटी. पृष्ठभाग खरखरीत, प्रकाश शोषणारा. स्क्रीनवर हे अजिबात कळत नाही, तोंडी सांगा.

पुढच्या कामांवर वेळ कमी ठेवा, पण वगळू नका. 'प्राउड फ्लेश' (२००९) मध्ये नवऱ्याचं शरीर, स्नायू झिजवणाऱ्या आजारात. २००६ च्या घोड्यावरच्या अपघातानंतर काळ्या काचेवरची स्वतःची अ‍ॅम्ब्रोटाइप (काचेवरची थेट पॉझिटिव्ह चित्रं). ग्रेट डिस्मल स्वॅम्प या दलदलीची टिनटाइप (पत्र्यावरची तशीच चित्रं). कृष्णवर्णीय पुरुषांची मालिका, जी २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या मोठ्या प्रदर्शनात होती. दक्षिणेतल्या गोऱ्या बाईने हे देह असे दाखवावेत का, हा आक्षेप तिथेही आहे. वाद विषय बदलत गेला, कायम राहिला तो एकच मुद्दा: दुसऱ्याचं शरीर, आणि आपला कॅमेरा.

---

अंधारखोली

सगळ्यांचे मनापासून आभार. आता दोनच शंका. मुलांचे फोटो स्लाइडवर दाखवावेत का? आणि प्रात्यक्षिकात वर्गातल्याच कोणाचं पोर्ट्रेट घ्यायचं तर एक्स्पोजर किती?

---

मॅटप्रिंट

मुलांचे विवस्त्र फोटो स्क्रीनवर लावू नका, आणि मोबाइलवर तर अजिबात पाठवू नका. आपल्याकडे पॉक्सो कायदा (२०१२) आहे, आयटी कायद्याचं कलम ६७ ब आहे. ६७ ब मध्ये कला आणि शिक्षणासाठी अपवाद लिहिलेला आहे, पण तो लागू होतो हे तुम्हाला नंतर सिद्ध करत बसावं लागेल. वादावर बोलायला त्या फोटोंची गरजही नाही. 'कँडी सिगारेट' आणि 'डॅमेज्ड चाइल्ड' दोन्हींत रचना, शीर्षक, प्रौढांची नजर हे सगळे मुद्दे येतात. प्राचार्यांना स्लाइडची यादी आधी देऊन ठेवा.

वाद जुना झाला असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थमधल्या मॉडर्न आर्ट म्युझियमच्या भिंतीवरून तिचे काही फोटो पोलिसांनी काढून नेले. ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचा का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) पुढे आरोप ठेवला नाही. ज्या फोटोंवर तीस वर्षांत गुन्हा दाखल झाला नव्हता त्यांच्यावर ही कारवाई झाली. ही बातमी आणि १९९१ चं काळ्या पट्ट्यांचं वृत्तपत्र (वर्णन पुरे, प्रतिमा नको) शेजारी ठेवलंत तर दहा मिनिटं सहज जातील.

---

हायपो

एक्स्पोजर: कोलोडियन ताजं असेल तर आयएसओ १ धरा, लालसर झालेलं जुनं असेल तर अर्धा. मोठ्या खिडकीजवळ जिथे १०० आयएसओला एफ/८ वर पाव सेकंद येतं, तिथे हिशेबाने २५ सेकंद. त्यामुळे लेन्स एफ/४.५ किंवा ५.६ ला उघडा, म्हणजे ८ ते १२ सेकंदांवर येईल, आणि डोक्यामागे आधार द्या. बसलेल्या माणसाची मान नाही तर हलतेच.

लाइट मीटरवर पूर्ण भरवसा नको. कोलोडियन निळा आणि अतिनील प्रकाश बघतं, साधा पिवळा बल्ब त्याला जवळजवळ अंधार. ढगाळ दुपारी मीटर जे सांगेल ते बरोबर येईल, संध्याकाळी पाचनंतर तेच रीडिंग दोन स्टॉप कमी पडेल. म्हणून प्रात्यक्षिक सकाळी ११ ते २ मध्ये. सावळ्या त्वचेला एक स्टॉप जास्त द्या, नाहीतर गालावरची छटा जाऊन सपाट काळं होतं. खिडकीची काच टिंटेड किंवा यूव्ही फिल्म लावलेली असेल तर ती उघडूनच काम करा.

आणि ओतण्यापासून डेव्हलपरपर्यंतचा वेळ घड्याळ लावून बघा. एसीची हवा कोरडी असते. सिल्व्हर बाथमधून काच बाहेर काढल्यावर चार मिनिटांत डेव्हलपर पडला पाहिजे. होल्डरमध्ये काचेमागे ओला टिपकागद ठेवलात तर आणखी एक-दोन मिनिटं मिळतात. मॉडेलला बसवणं, फोकस, प्रकाश हे सगळं काच बाथमध्ये असतानाच उरकून घ्या.